मेंथ्याचं तेल कुठं गेलं

मला विचारून शिकायची सवय नाही. शाळेत नव्हती, शेतीत नाही, संसारात तर नाहीच. जिजाबाई, म्हणजे माझी बायको, म्हणायची की या माणसाला रस्ता चुकलेला चालतो, पण कोणाला रस्ता विचारणं चालत नाही. पूर्वी ती हे हसत म्हणायची. गेल्या वर्षापासून हसत नाही.

गेल्या वर्षी मी मेंथा लावला. मेंथा म्हणजे पुदिनाच, पण चटणीचा नव्हे, तेलाचा. सावनेरपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. इकडे कापूस आणि संत्रा सोडून कोणी काही लावलं, की आधी त्याला हसायचं आणि पिकलं की बांधावर येऊन बघत राहायचं, अशी पद्धत आहे. मी उत्तर प्रदेशातून पोत्यांनी मुळ्या आणल्या तेव्हा माझा बांधशेजारी नत्थू म्हणाला, एवढी चटणी खाणार कोण? मी त्याला उत्तर दिलं नाही, सरळ गटात घेतलं. सात शेतकऱ्यांचा गट झाला. अध्यक्ष मी, कारण विहीर माझी, तेल काढायच्या भट्टीची जागा माझी आणि दुसरा कोणी अध्यक्ष असलेला मला बघवत नाही.

जानेवारीच्या शेवटी लावलेला मेंथा मे महिन्यात कापणीला आला. पीक असं झालं होतं, की चिडवणारे सगळे गप्प. पण मेंथा कापून बाजारात नेता येत नाही, त्याचं तेल काढावं लागतं. कापलेला पाला अर्धा दिवस सुकवायचा, मोठ्या लोखंडी टाकीत पायांनी दाबून भरायचा, झाकण घट्ट आवळायचं आणि खालून वाफ सोडायची. वाफ पाल्यातलं तेल घेऊन वर नळीत जाते. ती नळी पुढे पाण्याच्या हौदात वेटोळी घालून बसवलेली असते. हौदात वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि शेवटच्या भांड्यात पाणी खाली, तेल वर. ऐकायला सोपं आहे. पण वाफ म्हणजे खेळ नाही, तिला माणूस लागतो. तो माणूस माझ्या ओळखीत होता.

धम्मानंद आणि मी सातवीपर्यंत एका बाकावर. पुढे तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागला आणि एकतीस वर्षं बॉयलरवर काढून रिटायर झाला. घरही तिकडेच बांधलं. मी फोन केला, तर दुसऱ्या दिवशी मोपेडवर हजर. भट्टीभोवती दोन चकरा मारल्या, प्रत्येक सांध्यावर बोट फिरवलं, वेल्डिंग करणाऱ्याला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या असाव्यात असा चेहरा केला आणि म्हणाला, चालवतो. गट त्याला दर टाकीमागे काहीतरी देणारच होता, पण तो त्यासाठी आला नव्हता. घरी बसून त्याला करमत नव्हतं. शिवाय आजूबाजूच्या तीन गावांचे लोक पुढच्या वर्षी भट्ट्या बसवणार होते. ते येऊन धम्माचं काम बघून गेले आणि आमच्याकडेही तुम्हीच या, असं सांगून गेले. त्या दिवशी त्याने जिजाबाईला सांगितलं, की वहिनी, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा कोणी मला बोलावून राहिलं. एवढं खूश होऊन बोलताना मी त्याला शाळा सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्याने मला एक गोष्ट बजावली होती. विहिरीच्या मोटरचं पाणी भट्टी चालू असेपर्यंत फक्त हौदाला. थेंबही दुसरीकडे नाही. मी हो म्हटलं. का, ते विचारलं नाही. मला वाटलं, नळी तापून फुटू नये म्हणून असेल.

पहिला आठवडा मजेत गेला. एका टाकीला सहा किलोच्या आसपास तेल पडत होतं. बोटावर थेंब घेतला की डोळ्यांतून पाणी यायचं, असं तेज तेल. धम्मा दर अर्ध्या तासाला हौदात हात घालायचा, भांड्यात डोकावायचा आणि पुन्हा निंबाच्या सावलीत स्टुलावर जाऊन बसायचा. मी गावभर शेखी मिरवत फिरत होतो.

मग ऊन चढलं. नागपुरात पारा शेहेचाळीसवर गेला, आणि माझ्या संत्र्याच्या बागेत लिंबाएवढी फळं गळायला लागली. सकाळी झाडाखाली गेलो की हिरवा सडा. ती बाग माझ्या हाताची आहे, एकेक झाड मी पाठीवर पाणी वाहून जगवलंय. मला राहवलं नाही. विहिरीजवळ मातीत पुरलेला एक जुना कॉक होता, बागेच्या लाइनीचा. मी तो चोरासारखा अर्धा फिरवला. अर्धाच. मनाला सांगितलं, हौदात पाणी तर पडतंच आहे, जरा कमी पडलं म्हणून काय बिघडतं?

दुपारी धम्माने हौदात हात घातला आणि माझ्याकडे बघितलं. पाणी कोमट लागतंय, मोटर बरोबर आहे ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मोटर ठीक आहे, ऊन बघ की किती आहे. त्याने माझं ऐकलं आणि आग थोडी कमी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा मी चिडलो. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं नाही, मोटरकडे जाऊन स्वतः बघून आला. मोटर चालूच होती. कॉक मातीखाली होता.

त्याच दिवसांत गावात सगळीकडे मेंथ्याचा वास सुटला. पारावर, बसथांब्यावर, पीठगिरणीत, जिकडे जावं तिकडे गारगार वास. लोक थांबवून सांगायचे, वामनराव, गाव सुगंधी करून टाकलं तुम्ही. मी छाती काढून फिरायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

कारण तेल कमी पडायला लागलं होतं. सहाचं पाच झालं, पाचाचं चार. गटातले लोक कुजबुजायला लागले. नत्थू म्हणाला, धम्मानंदच्या मोपेडची डिक्की उघडली की मेंथ्याचा वास येतो. अरे, त्या दिवसांत नत्थूच्या म्हशीलाही मेंथ्याचा वास येत होता. पण हे मला आज सुचतं. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी ऐकलं, मान हलवली आणि ते मनात धरून ठेवलं.

ज्या दिवशी साडेतीनच किलो तेल पडलं, त्या दिवशी भट्टीवर गटातले पाच जण होते, कापणीच्या बाया होत्या, शेजारच्या गावाहून बघायला आलेले दोघं होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, "धम्मा, तेल कुठं जाऊन राहिलं?"

त्याला वाटलं, मी खरंच विचारतोय. तो स्टुलावरून उठून हौदाकडे हात करून सांगायला लागला. "मी तेच पाहून राहिलो गा वामन. मले वाटते, पाण्यातच काही तरी..."

"पाण्याचं नको सांगू," मी म्हणालो. "कोणाच्या घरी जाऊन राहिलं, ते सांग."

हे मी बोललो. कोणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं.

मला वाटलं, धम्मा आता भांडेल, आईवरून शिवी देईल, निदान निघून जाईल. तो गेला नाही. बॉयलरमध्ये वाफ होती, आणि भरल्या बॉयलरला सोडून जायचं नसतं. त्याने खालची आग ओढून काढली, वाफ हळूहळू सोडली आणि दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं तिथेच उभा राहिला. ज्याने त्याला चोर म्हटलं, त्याच्याच माणसांना भाजू नये म्हणून. मग त्याने हात धुतले, डबा उचलला आणि मोपेड सुरू केली. जिजाबाई जेवणाचं विचारायला आली होती. तिला मात्र तो "येतो वहिनी" म्हणाला.

एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही, ती इथे सांगतो. त्या दिवशी भट्टीवर धम्माच्या जागी माझा साळा असता, तर मी आधी टाकी बघितली असती, मग नळी, मग पाणी. माणसाकडे सगळ्यांत शेवटी बघितलं असतं. धम्माच्या बाबतीत मी माणसापासूनच सुरुवात केली. असं का झालं, ते मला कळतं आणि गावालाही कळतं. बौद्धवाड्यातल्या पोराबरोबर एका बाकावर बसायचो, घरचे रागावले तरी बसायचो, याचा मी आयुष्यभर तोरा मिरवला. पन्नास वर्षांची ती मिजास एका वाक्यात उतरली.

भट्टी चालवायला सावनेरहून दुसरा माणूस आणला. तेल चारच्या वर जाईना. मी म्हणालो, पीकच उतरलंय. लोकांना पटलं नाही, पण लोकांनी दुसरा अर्थ लावला, की धम्मानंद जाताना भट्टीत काही करून गेला असेल.

मे संपता संपता कृषी कॉलेजची एक मुलगी आली, मिनल नाव. मेंथा बघायला आली होती. वीस-बावीस वर्षांची पोर, पण डोळे चौफेर. तिने वही-पेन काढायच्या आधी हौदात हात बुडवला आणि चटकन मागे घेतला. म्हणाली, काका, हे तर अंघोळीचं पाणी आहे. मग तिने मला तिथे उभं करून समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. पाणी गरम असेल, तर वाफेचं पूर्ण पाणी होत नाही. उरलेली वाफ तेल घेऊन हवेत निघून जाते. गावभर वास येतोय ना, तेच तुमचं तेल. विहिरीचं पाणी आणखी कुठे जातं का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणणार होतो.

"संत्र्याले जाते ना," जिजाबाई मागून म्हणाली. "यायनंच तं कॉक फिरवला हाय."

मला वाटलं होतं, तिला माहीत नाही. ती रोज संध्याकाळी बागेत जायची, ओल्या मातीत पाय भरून यायची. तिला न कळायला काय झालं होतं? पण धम्मा गेला त्या दिवशी तिला कॉकचा आणि तेलाचा संबंध ठाऊक नव्हता. आता कळला. तिने तिथेच माझ्याकडे असं बघितलं, की मी मातीत हात घालून कॉक बंद केला. दुसऱ्या दिवशी टाकीला पुन्हा सहा किलो तेल पडलं.

गटातल्या लोकांना मी सांगितलं, की पाण्याची सोय सुधारली. एवढंच.

जून गेला, जुलै गेला. धम्माला बोलावतो म्हणणाऱ्या तीनही गावांत ती गोष्ट पोचली होती, कोणी त्याला फोनसुद्धा केला नाही. हे मला सावनेरच्या बाजारात कळलं. जिजाबाई रोज काही बोलायची नाही, पण जेवायला वाढताना ताट ठेवायची ते आवाज करून. ऑगस्टमध्ये शेवटी मी खापरखेड्याला गेलो.

धम्माने दार उघडलं, आत घेतलं, पंखा लावला. त्याच्या बायकोने चहा आणला आणि ती आत निघून गेली, एरवी ती दोन तास गप्पा मारणारी बाई आहे. मी सगळं सांगितलं. कॉक, बाग, त्याने विचारलं तेव्हा मी मारलेल्या थापा, ती पोरगी, तिने हौदात घातलेला हात. काही लपवलं नाही. सांगता सांगता मला रडू आलं, आणि खरं सांगतो, रडू आल्याचं मला बरंच वाटलं. वाटलं, आता हा पाठीवर हात ठेवेल.

त्याने ठेवला नाही. चहा संपवला आणि म्हणाला, "मले सांगून काय होते गा वामन? मी तेल नेलं नाही, हे मले पहिलेपासूनच माहीत होतं."

मी म्हटलं, मग काय करू, सांग.

"जेथं बोलला, तेथं बोल. कॉक मी फिरवला, असं म्हण. मले दुसरं काहीच नाही पाहिजे."

मी शब्द दिला. डिसेंबरात, लावणीच्या आधी, आमच्या गटाचा मेळावा होणार होता आणि त्या तीन गावांचे लोकही येणार होते. तिथे माइकवर सांगतो, म्हटलं. तो म्हणाला, येतो.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी वाक्यं पाठ केली. जिजाबाईसमोर म्हणूनसुद्धा दाखवली. ती ऐकून घेत होती, आणि कित्येक महिन्यांनी तिने माझ्या ताटात मागितल्याशिवाय तूप वाढलं.

शाळेच्या पटांगणात मंडप होता. दोनेकशे लोक असतील. धम्मा आला, पांढरा शर्ट इस्त्री केलेला, शेवटच्या रांगेत बसला. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, त्यानेही हलवली. मग आयोजकांनी मला स्टेजवर बोलावून शाल दिली, नारळ दिला. या भागात मेंथा आणणारे, दूरदृष्टीचे, अभ्यासू शेतकरी वामनराव, असं काय काय बोलले. टाळ्या पडल्या. आणि मग माझ्या हातात माइक दिला.

खांद्यावर शाल होती. मी समोर बघितलं. दोनशे चेहरे माझ्याकडे बघत होते आणि त्यांतला एकही मला हसत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा. मी मेंथ्याबद्दल बोललो, मुळ्यांबद्दल, खताबद्दल. मग त्या गोष्टीवर आलो. पाठ केलेलं पहिलं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, देवाशपथ आलं होतं. आणि मी म्हणालो, "पहिल्या वर्षी आमच्या मशीनमध्ये थोडा दोष होता. त्यामुळे तेल कमी पडलं आणि एक-दोन गैरसमज झाले. आमचे मित्र धम्मानंद इथे आलेले आहेत. त्यांच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. झालं गेलं विसरून जाऊ."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेवटच्या रांगेकडे बघायचं टाळलं, पण दिसायचं ते दिसलंच. धम्मा टाळ्या थांबेपर्यंत बसून राहिला. मग उठला, बाजूच्या म्हाताऱ्याला जागा करून दिली आणि मंडपाच्या कडेने सावकाश बाहेर गेला. बायकांच्या बाजूला जिजाबाई बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्याच्या पाठीकडे बघत होती.

मी स्वतःला समजावलं. निदान दोष मशीनवर तर घेतला. त्याचं नाव तर आदराने घेतलं. लोक शहाणे आहेत, समजून घेतील. कार्यक्रमानंतर सगळे चिवडा आणि आलूबोंड्यांच्या टेबलाभोवती जमले. नत्थू प्लेट घेऊन माझ्याजवळ आला. त्याच्यासोबत त्या तीन गावांपैकी दोन गावांचे गटप्रमुख होते.

"तुमचं मन मोठं हाय, वामनराव," नत्थू म्हणाला. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल खरोखरीचा आदर होता. "एवढं तेल नेलं त्यानं, तरी चार लोकांत चोर नाही म्हटलं. मशीनवर घेतलं. दुसरा असता, तं इज्जत काढली असती."

गटप्रमुखांनी माना हलवल्या. त्यांतला एक म्हणाला, की आमच्याकडे काही लोक भट्टीसाठी अजून धम्मानंदचं नाव घेत होते, पण आता दुसराच माणूस बघतो. तुम्ही एवढं झाकून घेतलं, त्यावरूनच काय ते समजलं.

माइक अजून चालू होता. स्टेजवर कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. दहा पावलांवर होता तो. मी तिकडे एकदा बघितलं.

मग मी नत्थूच्या प्लेटीत आणखी एक आलूबोंडा ठेवला आणि गटप्रमुखांना म्हणालो, घ्या ना, तुम्ही तर काहीच घेतलं नाही.